रात्रदृश्य (स्टॉप-मोशन)

स्टॉप-मोशन या सचेतनपटाच्या प्रकारात बाहुल्या किंवा वस्तू दर वेळी किंचित हलवून त्यांची एकेक छायाचित्रे घेतात व ती सलग दाखवून हालचालीचा भास निर्माण करतात. अशा चित्रपटातील रात्रीच्या प्रसंगास रात्रदृश्य म्हणतात. ते अंधारात नव्हे, तर नियंत्रित प्रकाशात टिपले जाते.

पार्श्वभूमी

दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगकाड्यांना गती दिली. खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव येथे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलटॉप छायाचित्रण जोपासले. टेबलावर छोट्या वस्तू मांडून ते विस्तीर्ण निसर्गाचा आभास निर्माण करीत. ही छायाचित्रे स्थिर आहेत, सचेतनपट नव्हेत. तथापि लहानशा देखाव्यात प्रकाशाने काळवेळ उभी करण्याचे तत्त्व दोहोंत समान आहे.

प्रकाशयोजना

चांदण्यासाठी मुख्य दिवा पात्राच्या मागे किंवा बाजूस, उंचावर ठेवतात. त्यामुळे आकृतीची कड उजळते व पुढील भाग छायेत राहतो. चेहरा ओळखू यावा म्हणून समोरून अतिशय मंद प्रकाश देतात. खिडकीतील किंवा कंदिलाचा पिवळसर उजेड जोडल्यास भोवतालची रात्र अधिक गडद भासते.

कॅमेऱ्याची मांडणी

सर्व मूल्ये हाताने निश्चित करून दृश्य संपेपर्यंत बदलत नाहीत. वस्तू स्थिर असल्याने आयएसओ १०० इतका कमी ठेवून शटर अर्धा ते दोन सेकंद उघडे ठेवता येते. त्यामुळे काळ्या भागात दाणे उमटत नाहीत. लहान देखाव्याचा पुरेसा भाग सुस्पष्ट यावा म्हणून ॲपर्चर एफ/८ च्या आसपास ठेवतात. व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिन ठेवल्यास ५६०० केल्व्हिनचा दिवा निळसर, तर ३००० केल्व्हिनचा दिवा पिवळसर दिसतो.

लुकलुक

दोन छायाचित्रांतील प्रकाशाचा अल्प फरकही पडद्यावर लुकलुक होऊन दिसतो. गडद दृश्यात तो विशेष जाणवतो. ५० हर्ट्झच्या विजेवरील काही दिव्यांचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमी-अधिक होतो. दीर्घ शटरमुळे हा दोष सरासरीत विरतो. व्होल्टेजच्या चढउताराचा दोष मात्र राहतो. त्यासाठी स्थिर वीजपुरवठा लागतो. खिडक्या झाकणे, गडद कपडे घालणे आणि प्रत्येक छायाचित्र घेताना एकाच जागी उभे राहणे, हेही आवश्यक असते. स्वयंचलित ॲपर्चर दर वेळी किंचित वेगळे मिटत असल्याने हाताने फिरवायचे भिंग श्रेयस्कर ठरते.

सेकंदास १२ छायाचित्रे धरल्यास १० सेकंदांच्या दृश्यास १२० छायाचित्रे लागतात. संपादनात लुकलुक काही अंशी कमी करता येते; परंतु दिवा मध्येच बदलला, तर बाहुलीची आधीची स्थिती तंतोतंत परत मिळत नसल्याने बहुधा संपूर्ण दृश्य नव्याने टिपावे लागते.

हे सुद्धा पहा

केकी मूस
दादासाहेब फाळके
सचेतनपट