टोपली नको, हुनर हवं



आपल्या कन्हानला कोळसा नवा नाही. कामठी, इंदर, गोंडेगाव या खाणींची नावं इथल्या पोराबाळांनाही ठाऊक असतात. आता मात्र नवे शब्द कानावर येतात: सौरऊर्जा, हरित रोजगार. पोरीला यातलं काय शिकवावं, असं आया विचारतात. उत्तराआधी थोडं मागं वळून पाहू. काम बदललं की बाईचं काय होतं, हे कोळशानं एकदा दाखवलेलं आहे.

शंभर वर्षांपूर्वी देशातल्या कोळसा खाणींत बाया पुरुषांसोबत खाली उतरत. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीनं वाहायची. १९२९ मध्ये सरकारनं नियम केले आणि टप्प्याटप्प्यानं बायांना जमिनीखालच्या कामातून काढलं. १९३७ पर्यंत हे पूर्ण झालं. खाली जिवाला धोका होता, बाळंतपणाची हेळसांड होती, हे खरंच. पण घरातली एक मजुरीही गेली.

मग महायुद्धात कोळसा कमी पडला आणि १९४३ मध्ये बंदी उठली. आपल्या मध्यप्रांतातही बायांना पुन्हा खाली उतरण्याची मुभा मिळाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात या निर्णयावर टीका झाली. ही सोय युद्धापुरतीच आहे, असं बाबासाहेबांनी सांगितलं. सोबत एक मोठी गोष्ट सांगितली: खाणीत सारख्या कामाला बाईला पुरुषाइतकीच मजुरी ठरली आहे.

युद्ध संपलं. १९४६ मध्ये बंदी परत आली आणि १९५२ च्या खाण कायद्यानं ती कायम ठेवली. दार पुन्हा किलकिलं झालं ते थेट २०१९ मध्ये. तेही दिवसा, आणि तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांसाठी. २०२१ मध्ये झारखंडात आकांक्षा कुमारी या कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत काम करणाऱ्या पहिल्या महिला खाण अभियंता ठरल्या.

बघा, बायांनो. टोपलीवालीला गरजेपुरतं बोलावलं आणि गरज सरताच घरी पाठवलं. दार उघडलं ते शिकलेलीसाठी.

आता नवं काम दारात आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवण्याची योजना आणली. संच एकदा बसला की पंचवीसेक वर्षं चालतो. त्याची जोडणी, तारा, अर्थिंग, इन्व्हर्टर, बिघाड शोधणं, हे सगळं जाणणारे हात लागतात. आयटीआयमधले वीजतंत्री आणि तारतंत्री हे अभ्यासक्रम त्याचा पाया आहेत. सौर कामासाठी ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण २०१५ पासून आहे. खुद्द खाणीतही काम बदलतं आहे. गोंडेगावला वेकोलिनं कोळशावरच्या माती-दगडातून वाळू काढण्याचा प्रकल्प उभारला.

पण सावध राहू. नुसतं पॅनल पुसणं, रोपवाटिकेत पाट्या वाहणं, ही जुनीच टोपली आहे, फक्त हिरव्या रंगाची. त्या कामाला कमी लेखायचं नाही; पण आपल्या पोरीनं तिथंच थांबू नये.

शाळा सुटली असेल त्यांनीही हिंमत सोडू नये. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बाया १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेत एकत्र आल्या. पुढं त्यांनी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढून महानगरपालिकेशी करार केला. उकिरड्यावरची बाई ओळखपत्र घालून घरोघरी सेवा देऊ लागली. तिचं हुनर आधीपासूनच होतं. संघटनेनं त्याला मान मिळवून दिला.

म्हणून कुठल्याही प्रशिक्षणाचा कागद भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोण देणार? हातानं काम किती दिवस करायला मिळणार? आणि काम लागल्यावर पोराला आणि पोरीला मजुरी सारखी का?

तिसरा प्रश्न विचारताना लाजू नका. तो ऐंशी वर्षांपूर्वी भर सभागृहात मांडून झाला आहे.