चार्ल्स डेव्हनपोर्ट

चार्ल्स बेनेडिक्ट डेव्हनपोर्ट (१ जून १८६६ – १८ फेब्रुवारी १९४४) हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ होते. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम अमेरिकेत रुजविणाऱ्या पहिल्या पिढीतील संशोधकांत त्यांची गणना होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन सुप्रजनन चळवळीचे ते प्रमुख संघटक होते. मानववंश ‘सुधारण्यासाठी’ कोणी अपत्ये जन्मास घालावीत व कोणी घालू नयेत, हे विज्ञानाच्या आधारे ठरविता येते, अशी या चळवळीची धारणा होती.

शिक्षण व संशोधन

डेव्हनपोर्ट यांचा जन्म कनेटिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठातून १८९२ मध्ये पीएच.डी. मिळविल्यानंतर त्यांनी तेथे व पुढे शिकागो विद्यापीठात अध्यापन केले. जीवशास्त्रात संख्याशास्त्रीय पद्धतींचा वापर करण्याचा त्यांनी पुरस्कार केला. १९०४ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे कार्नेगी इन्स्टिट्यूशनने प्रायोगिक उत्क्रांती केंद्र स्थापन केले. त्याचे संचालकपद डेव्हनपोर्ट यांच्याकडे आले. पत्नी गर्ट्रूड यांच्यासह त्यांनी १९०७ मध्ये डोळ्यांच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर निबंध प्रसिद्ध केला.

सुप्रजनन चळवळीतील कार्य

रेल्वे उद्योजक ई. एच. हॅरिमन यांच्या पत्नी मेरी हॅरिमन यांच्या देणगीतून डेव्हनपोर्ट यांनी १९१० मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथेच ‘युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस’ सुरू केले. हॅरी लाफलिन त्याचे अधीक्षक होते. प्रशिक्षित क्षेत्रकार्यकर्ते घरोघरी व मनोरुग्णालयांत जाऊन कुटुंबांची माहिती गोळा करीत आणि तिच्या आधारे वंशवृक्ष तयार केले जात. नातेवाईक व शेजारी यांच्या ऐकीव मतांनाही या नोंदींत स्थान मिळे.

१९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डेव्हनपोर्ट यांनी दारिद्र्य, गुन्हेगारी, ‘मंदबुद्धित्व’ अशा गोष्टींचा संबंध आनुवंशिकतेशी जोडला. हंटिंग्टन रोग प्रभावी जनुकामुळे संक्रमित होतो, हे त्यांच्या अभ्यासातून दिसले व ते योग्य होते. तीच पद्धत सामाजिक परिस्थितीशी निगडित बाबींना लावताना मात्र ते चुकले. पेलाग्रा हा रोग निकृष्ट आहारामुळे होतो, असे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये प्रयोगाने दाखविले होते. तरीही डेव्हनपोर्ट यांनी १९१६ मध्ये त्या रोगाच्या आनुवंशिक प्रवणतेवर भर दिला. एकाच घरातील माणसांचे अन्नही समान असते, याचा पुरेसा विचार त्यात नव्हता. हा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होतो, हे पुढे सिद्ध झाले.

परिणाम

या कार्यालयाच्या नोंदींना प्रयोगशाळेची प्रतिष्ठा लाभल्यामुळे कायदेमंडळांत त्यांचे वजन वाढले. लाफलिन यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे स्थलांतर नियंत्रणाच्या बाजूने साक्ष दिली. १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातून होणारे स्थलांतर मोठ्या प्रमाणात रोखले. लाफलिन यांचा नमुना कायदा सक्तीच्या निर्बीजीकरणासाठी अनेक राज्यांत आधारभूत ठरला. असा कायदा १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल खटल्यात वैध ठरविला. विसाव्या शतकात अमेरिकेत ६०,००० हून अधिक व्यक्तींचे निर्बीजीकरण करण्यात आले. जर्मनीच्या १९३३ च्या निर्बीजीकरण कायद्याचेही लाफलिन यांच्या प्रारूपाशी साम्य होते.

टीका व अखेर

टॉमस हंट मॉर्गन व हर्बर्ट जेनिंग्ज यांसारख्या जीवशास्त्रज्ञांनी चळवळीच्या दाव्यांवर आक्षेप घेतले. डेव्हनपोर्ट यांनी मॉरिस स्टेगर्डा यांच्यासह लिहिलेल्या जमैकातील वंशसंकरावरील १९२९ च्या ग्रंथावरही टीका झाली. ते १९३४ मध्ये निवृत्त झाले. पुढील वर्षी कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या तज्ज्ञ समितीने कार्यालयातील नोंदी मानवी आनुवंशिकतेच्या अभ्यासास निरुपयोगी असल्याचे मत दिले. १९३९ च्या अखेरीस कार्यालय बंद झाले. डेव्हनपोर्ट यांचे १९४४ मध्ये न्यूमोनियाने निधन झाले.