मुळशी खोऱ्यातील शेतकरी कुटुंबाचा जमाखर्च : काटकसर, कर्ज आणि मोबदला

प्रस्तावना

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण मराठी घरांत प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीस ऐकविली आहे. कौटुंबिक अंदाजपत्रकाचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत संक्षिप्त नियम होय. तथापि या म्हणीत एक गृहीत दडलेले आहे. अंथरूण आपल्याच मालकीचे असून त्याची लांबी आपणांस ठाऊक आहे, हे ते गृहीत. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील, विशेषतः मुळशी खोऱ्यातील शेतकरी कुटुंबाच्या संदर्भात हे गृहीत इतिहासाच्या कसोटीवर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

उधळपट्टीचा आक्षेप

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले करून कर्जरोखे व वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. शेतकरी लग्नकार्यांत ऐपतीबाहेर खर्च करतो म्हणून कर्जात बुडतो, असे मत त्या काळी सुशिक्षितांत व अधिकाऱ्यांत सर्रास मांडले जात असे. मात्र सरकारनेच नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. क्वचित होणाऱ्या लग्नापेक्षा धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार काढावी लागणारी लहान कर्जेच शेतकऱ्यास अधिक बुडवितात, असे आयोगाचे निरीक्षण होते. याची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात झाली. म्हणजेच दोष केवळ खर्चाच्या बाजूस नसून जमेच्या बाजूसही आहे, हे त्या वेळीच दिसून आले होते.

डॉ. मॅन यांची पाहणी

या प्रश्नास आकड्यांचा आधार पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी दिला. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाच्या अर्थव्यवहाराची तपशीलवार पाहणी आहे. जमिनीचे उत्पन्न, मजुरी, कर्जाचे व्याज आणि आवश्यक घरखर्च यांचा मेळ घालून त्यांनी कुटुंबांची तीन गटांत विभागणी केली. १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे जमिनीच्या उत्पन्नावर सुस्थितीत होती. २८ कुटुंबे बाहेरील मजुरीच्या जोरावर तोल सांभाळत होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचा जमाखर्च तुटीचा होता. १९२१ मध्ये शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तेथील चित्र याहूनही बिकट असल्याचे दिसून आले. गावातील बहुसंख्य कुटुंबे तुटीत असतील, तर त्याचे कारण व्यक्तिगत बेशिस्तीत शोधणे अपुरे ठरते.

मावळातील घरखर्च

मुळशी हा घाटमाथ्यालगतचा अतिवृष्टीचा प्रदेश. खाचरांतील आंबेमोहोर भात हे येथील मुख्य नगदी साधन, तर डोंगरउतारावरील नाचणी व वरई हा गरिबाच्या घरातील रोजच्या पोटाचा आधार. जळण, चारा, रानभाज्या हे जिन्नस रानातून मिळत. त्यामुळे येथील घरखर्चाचा मोठा भाग रुपयांत मोजलाच जात नव्हता. रोख पैसा लागे तो सारा, मीठ, कापड आणि सावकाराचे देणे यांसाठी. ती गरज भागविण्यास मावळातील माणसे मुंबईस जात. मुंबईच्या डबेवाल्यांत मुळशी, मावळ परिसरातील कुटुंबांचा मोठा वाटा आहे, तो याच परंपरेतून. मात्र मुंबईच्या मजुरीनेही प्रश्न सुटत नव्हता. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची सरकारी पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले.

मोबदल्याचे गणित

नेमक्या याच काळात टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी नीळा व मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी या लढ्याने दिली, आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती.

मोबदल्याचा प्रश्न पुढे येताच खोऱ्यातील हितसंबंध दुभंगले. अनेक जमिनींची मालकी पुण्यातील सावकार-जमीनदारांकडे होती. त्यांनी रोख मोबदला स्वीकारण्याची तयारी दर्शविली. कसणारे मावळे मात्र विरोधात राहिले. त्यामागे केवळ भावना नव्हती. सावकाराच्या दृष्टीने जमीन ही गुंतवणूक होती, तिचे रोखीत रूपांतर होऊ शकत होते. कुळाच्या दृष्टीने ती धान्य, चारा आणि उद्याची पत होती. मोबदल्यात या गोष्टींची किंमत धरलेली नव्हती, आणि जी रक्कम मिळे तीतून जुने देणे प्रथम वळते होण्याची धास्ती होती. सत्याग्रह १९२४ अखेर संपुष्टात आला. १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले. मुळशीचे पाणी तेव्हापासून सह्याद्रीपलीकडे कोकणात उतरू लागले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, काटकसर हा सद्गुण असला तरी तो पुरेशा व निश्चित उत्पन्नाची जागा घेऊ शकत नाही. दुसरा निष्कर्ष आजच्या मुळशी तालुक्यास अधिक लागू पडतो. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीपासून डोंगरातील गृहप्रकल्पांपर्यंत गेल्या काही दशकांत येथील जमिनीचे पुन्हा रोखीत रूपांतर झाले. जमिनीचे पैसे वहीत जमेच्या बाजूस लिहिले जातात. वस्तुतः ते उत्पन्न नव्हे, तर उत्पन्नाच्या साधनाची एकदाच मिळालेली किंमत असते. ती रक्कम चालू खर्चास वापरणारे कुटुंब एका रुपयाचेही कर्ज न काढता ऐपतीबाहेर जगत असते. १९२१ चा निरक्षर मावळा हा भेद जाणून होता. अर्थसाक्षरतेचे धडे देताना आपण विद्यार्थ्यांस खर्च कसा कमी करावा हे सांगतो. जमा म्हणजे नेमके काय, हे त्याआधी शिकविणे आवश्यक आहे.