ट्रान्सफर केस

ट्रान्सफर केस हा फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांतील एक गिअर-संच आहे. गिअरबॉक्समधून आलेली शक्ती तो पुढील व मागील ॲक्सलकडे पोहोचवतो. महिंद्रा थार, सुझुकी जिमनी यांसारख्या वाहनांत चालक गरजेनुसार लिव्हरने त्याची स्थिती निवडतो.

स्थिती व वापर

• २एच – शक्ती केवळ मागील चाकांना मिळते. कोरड्या डांबरी व काँक्रीटच्या रस्त्यांसाठी.
• ४एच – शक्ती चारही चाकांना मिळते. चिखल, वाळू, बर्फ व सुट्या खडीसाठी.
• ४एल – वेग घटतो व चाकांना मिळणारा जोर दोन किंवा अधिक पटींनी वाढतो. खडक, खोल चिखल व तीव्र चढ-उतारांसाठी. ही स्थिती सहसा वाहन थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून निवडतात.

कोरड्या रस्त्यावरील धोका

वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. अशा वाहनांत मधला डिफरन्शियल नसल्याने ४एच व ४एलमध्ये दोन्ही ॲक्सलकडे जाणारे दंड एकाच गतीने फिरतात. निसरड्या पृष्ठभागावर चाके किंचित घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या रस्त्यावर मात्र टायरांची पकड घट्ट असल्याने दंड व गिअरांत ताण साठतो. स्टिअरिंग जड होणे, वळताना धक्के बसणे व लिव्हर अडकणे ही त्याची लक्षणे होत. यामुळे टायर लवकर झिजतात व यंत्रभाग तुटू शकतात. वाहन सरळ रेषेत थोडे मागे घेतल्यास ताण बहुधा सुटतो.

मर्यादा

४एचमुळे निसरड्या जागी वाहन पुढे नेणे सुलभ होते. मात्र ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर कमी होत नाही.