रक्ताच्या संशोधनाचा जमाखर्च

बदलीनिमित्त भिलाईजवळच्या रिसालीत राहायला येऊन मला तीन वर्षे झाली. ही वस्ती बहुतांशी पोलाद कारखान्यातील कामगारांची आणि निवृत्तांची. आमच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन राहतात. त्यांच्या अकरा वर्षांच्या नातवाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. थंडीच्या दिवसांत हातपाय दुखू लागले की तो मुलगा रात्र रात्र कण्हतो आणि ते भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एके सकाळी फोरमनसाहेब वर्तमानपत्र घेऊन आले. सीएसआयआरच्या दिल्लीतील जीनोमविषयक संस्थेने सिकलसेलवर जनुक-संपादनाचा देशी उपचार विकसित केला असून त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले आहे, अशी ती बातमी होती. भगवान बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ उपचाराला 'बिरसा १०१' असे नाव दिले आहे. त्यांनी हिंदीत एवढेच विचारले, "साहेब, हे आमच्या नातवाला केव्हा मिळेल?"

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. परंतु या प्रश्नाने मला माझीच एक जुनी टिप्पणी आठवली. १९९८ साली मी दिल्लीत एका कार्यालयात वित्तविषयक काम पाहत होतो. रक्तपेशींवरील संशोधनासाठी काही उपकरणे घेण्याचा एका संस्थेचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. मी नस्तीवर लिहिले : 'लाभार्थींची संख्या अल्प, फलनिष्पत्ती अनिश्चित. सबब प्रस्ताव पुढील वर्षी विचारात घ्यावा.' वरिष्ठांनी स्वाक्षरी केली. ते पुढील वर्ष माझ्या कार्यकाळात तरी उजाडले नाही. टिप्पणी नियमांना धरून होती. ती अर्थशास्त्राला धरून होती का, हे तपासण्यासाठी या विषयाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागेल.

१९५२ हे वर्ष आपल्या देशातील रक्तसंशोधनात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबईत डॉ. यशवंत भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही लोक आढळले की ज्यांचे रक्त ए, बी, ओ यांपैकी कोणत्याही गटाच्या रक्ताशी जुळेना. आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो तो हाच. त्याच वर्षी लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेल असल्याचे नोंदविले. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील, म्हणजे नागपूरकडील, रुग्णांची माहिती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. नागपूरपासून छत्तीसगडपर्यंतचा पट्टा या आजाराने ग्रासलेला आहे हे नंतर पाहणीमागून पाहणीत स्पष्ट होत गेले. साहू, कुर्मी, सतनामी, गोंड अशा अनेक समाजांत तो आढळतो. छत्तीसगडमध्ये साधारणपणे दर दहा माणसांत एक वाहक सापडतो. 'लाभार्थींची संख्या अल्प' हे माझे शब्द मी या पट्ट्यात राहायला आल्यावर पुन्हा वाचले असते, तर लिहू धजलो नसतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. तेच पुढे केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्था झाले आणि त्याच संस्थेचे एक केंद्र आज चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी काम करते. हे काम प्रसिद्धीचे नाही. दुर्मीळ रक्तगट शोधणे, नमुने तपासणे, नोंदी ठेवणे असे त्याचे स्वरूप. परंतु पुढचे सर्व शास्त्र अशा नोंदींवरच उभे राहते.

आता मूळ शास्त्र थोडक्यात सांगतो. आपल्या हाडांतील मज्जेत मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी, सर्व रक्त त्यांच्यापासूनच तयार होते. कॅनडातील टिल आणि मॅक्युलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून याचा पुरावा दिला. मूलपेशीतच दोष असेल तर रक्त कितीही वेळा बदलले तरी दोषी रक्तच पुन्हा तयार होणार. म्हणून एक मार्ग असा की निरोगी भावाबहिणीची मज्जा रुग्णाला द्यावी. अमेरिकेत डॉ. डोनॉल थॉमस यांनी ही पद्धत विकसित केली व त्यासाठी त्यांना १९९० चे नोबेल मिळाले. दुसरा मार्ग अलीकडचा : रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात दुरुस्ती करायची, औषधांनी जुनी मज्जा रिकामी करायची आणि दुरुस्त पेशी परत सोडायच्या.

पहिला मार्ग भारतात आणला तो मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९५७ मध्ये ते आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटते. परंतु संशोधनाला दीर्घकाळ सांभाळणारा विभाग मिळाला, हे त्याचे मोठे फळ. सिएटलला थॉमस यांच्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन आलेले डॉ. सुरेश अडवाणी, लहानपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करीत. त्यांनी मार्च १९८३ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. देशातील हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने थॅलेसेमियाच्या रुग्णावर असेच प्रत्यारोपण केले.

आता भिलाईकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १० मार्चला, पवई येथे मुंबई आयआयटीची कोनशिला पंडित नेहरूंनी बसविली. दोन्हींना सोव्हिएत साहाय्य होते. भिलाईचा हिशेब टनांत मांडता येत असे, पवईचा मांडता येत नसे. याच पवईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर रक्ताच्या कर्करोगावर 'कार-टी' उपचार विकसित केला. रुग्णाच्या टी पेशी काढून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचे व परत रक्तात सोडायचे, असा हा उपचार. जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला तो देण्यात आला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. परदेशात ज्याला तीन-चार कोटी रुपये लागतात, तो उपचार येथे सुमारे चाळीस लाखांत होऊ लागला.

माझ्यासारख्या टिप्पणी लिहिणाऱ्याने येथे थांबून विचार केला पाहिजे. १९५९ नंतरच्या सुरुवातीच्या दशकांतील कोणत्याही एका वर्षी पवईच्या खर्चाची 'फलनिष्पत्ती' विचारली असती, तर या उपचाराचे नाव कोणालाही सांगता आले नसते. वार्षिक अंदाजपत्रकाच्या मापाने संशोधन मोजणे म्हणजे आंब्याचे रोप दर मार्चअखेर उपटून मुळे पाहण्यासारखे आहे. रोप वाळते आणि दोष रोपाला दिला जातो.

दुसरा मुद्दा किमतीचा. सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये. हा आजार ज्यांना आहे त्यांपैकी फार मोठा वर्ग आफ्रिकेत आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात राहतो. त्यांच्यासाठी असा उपचार असून नसल्यासारखाच. म्हणून तो देशात तयार होणे हा अभिमानापेक्षा गरजेचा प्रश्न आहे. मात्र 'बिरसा १०१' हे अजून रुग्णालयात जाऊन मागता येईल असे औषध झालेले नाही. आणि कार-टीचे चाळीस लाखही निवृत्त फोरमनच्या आवाक्यातले नाहीत. संशोधकांनी किंमत कोटींवरून लाखांवर आणली तर उरलेले अंतर तोडणे हे प्रशासनाचे काम आहे. तसे उदाहरणही आहे. कोल इंडियाने २०१७ पासून थॅलेसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत साहाय्य देणारी योजना चालविली. एखाद्या सार्वजनिक कंपनीच्या निधीतून असे करता येते, तर सिकलसेलसाठीही ते अशक्य मानू नये.

फोरमनसाहेबांना मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, तारीख मला ठाऊक नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कोणीतरी त्यांना 'स्टेम सेलचे इंजेक्शन' सुचविले होते, त्यासाठी प्लॉट विकायची बोलणी चालली होती. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे मान्यताप्राप्त मज्जा-प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचे असे प्रयोग फक्त रीतसर चाचणीतच करता येतात, हे मी त्यांना समजावले. दुसरी, नातवंडांपैकी कोणाची मज्जा जुळते का याची तपासणी मोठ्या केंद्रात करून घ्या. तिसरी, आज हातात असलेले औषध सोडू नका. हायड्रॉक्सीयुरियाच्या साध्या गोळीने अनेकांच्या वेदनांचे झटके कमी होतात. २०२३ च्या जुलैत शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत नोंद करून कार्ड घ्या.

मग मी त्यांना १९९८ च्या टिप्पणीविषयीही सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "साहेब, मागणी घटली म्हणून आम्ही भट्टी विझवत नसू. विझली तर आतला माल गोठतो, मग पुन्हा पेटवायला दुप्पट खर्च."

प्लॉटची बोलणी त्यांनी थांबविली आहे. मुलाची धाकटी बहीण निरोगी आहे, तिची तपासणी व्हायची आहे. माझ्या सेवेची थोडीच वर्षे उरली आहेत. या काळात संशोधनाची एखादी नस्ती पुन्हा माझ्यापुढे आली, तर 'लाभार्थींची संख्या' हा रकाना भरण्यापूर्वी मी भिंतीपलीकडचा आवाज आठवेन, एवढे स्वतःशी ठरविले आहे.