समुद्रातला कापूस आणि नांदेड-४४

गेल्या दिवाळीत आजोळी, लातूरला गेलो होतो. ओसरीवर गप्पा चालल्या होत्या. मामा म्हणाले, "आमच्या वक्ताला नांदेड-४४ म्हणलं की डोळे झाकून पेरायचं. कुठं गेलं रे ते?" मी नांदेडचा, म्हणून प्रश्न मला! तेव्हा काही धड सांगता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो आणि वाचता वाचता थेट समुद्रात पोचलो.

त्याचं असं झालं. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. ते झाडंच बनवतात, प्राण्यांना जमत नाही, असं शाळेत शिकलो होतो. पण एक प्राणी सापडला: सी स्क्वर्ट. खडकाला चिकटून बसणारा आणि दाबला की पिचकारी मारणारा हा जीव अंगावरच्या आवरणासाठी सेल्युलोज स्वतःच तयार करतो. त्यासाठीचं जनुक त्याच्या पूर्वजांना फार पूर्वी जिवाणूकडून मिळालं, असं शास्त्रज्ञ मानतात.

त्याची अळी बेडकाच्या पिलासारखी, शेपटीवाली, साधारण अडीच हजार पेशींची. गर्भ कसा घडतो हे अभ्यासणाऱ्यांना ती फार सोयीची. १९९७ साली विजेचा झटका देऊन शेकडो फलित अंड्यांत एकदम डीएनए घालायची रीत निघाली. २००३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी 'मिनॉस' नावाचं उडतं जनुक वापरून बदल पुढच्या पिढीत नेला. २००५ मध्ये एक अळी विचित्र निघाली: शेपूट तशीच, पण धडाचं रूपांतर सुरू! मिनॉस नेमकं कुठे बसलंय ते त्यांनी शोधलं. ते सेल्युलोजच्या जनुकापाशी निघालं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

आता मामांचं उत्तर. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं हे संकरित वाण १९८० च्या दशकातलं. कोरडवाहूत टिकणारं, रसशोषक किडींना सहज बळी न पडणारं. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिकोच्या बीटी वाणांना परवानगी मिळाली. मातीतल्या जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं, बोंडअळीवर उतारा म्हणून. शेतकरी तिकडे वळला. नांदेड-४४ मध्ये ते जनुक नव्हतं, म्हणून ते मागे पडलं.

मग सरकारी संस्थांनी स्वतःचं बीटी काढलं. २००८ मध्ये बिकानेरी नरमा बीटीला परवानगी मिळाली, पाठोपाठ नांदेड-४४ बीटी आलं. पण २००९ च्या अखेरीस बियाणं थांबवावं लागलं. सोपोरी समितीच्या अहवालात बिकानेरी नरमा बीटीमध्ये मॉन्सँटोच्या 'मॉन-५३१' चा अंश आढळल्याचं आलं. म्हणजे स्वतःचं म्हणून दिलेल्या बियाण्यात दुसऱ्याचं जनुक!

पुढे महाबीजने नांदेड-४४ बीजी-२ रूपात परत आणलं. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीजी-२ च्या शेतांतही थैमान घातलं. मधली वर्षं गेली ती गेलीच.

जिवाणूचं जनुक घेतलं याची मला भीती वाटत नाही. सी स्क्वर्टने ते आपल्या कितीतरी आधी केलंय. सल वेगळाच आहे. एका अळीसाठी जनुक कुठे बसलं याचा माग काढला गेला. लाखो लोकांच्या पोटाशी बांधलेल्या बियाण्यात कोणतं जनुक आहे, हे मात्र बियाणं शेतात गेल्यावर तपासलं गेलं.

मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. समुद्रातल्या कापसाला ते खूप हसले. मग जरा थांबून म्हणाले, "बियाणं देणाऱ्यानं आधी आपल्या घरचं पोतं उघडून बघावं, एवढंच की."

मला दोन महिने वाचावं लागलं. असो.