छाप कुणाची? नावाच्या मालकीची दीडशे वर्षांची गोष्ट

"शॉप अ‍ॅक्ट काढलाय, जीएसटी नंबर आहे, फूड लायसन्स भिंतीवर लावलंय. म्हणजे नाव आपलंच झालं की!"

मंडळी, आपल्या बाजारपेठेत कुणालाही विचारा, बहुतेक हेच उत्तर मिळतं. पण यातल्या एकाही कागदाने नावाची मालकी मिळत नाही. शॉप अ‍ॅक्ट ही दुकानाची नोंद, जीएसटी कराची, फूड लायसन्स खाण्याचा माल विकायची परवानगी. नावाचा कायदा वेगळा आणि कार्यालयही वेगळं. त्याला ट्रेडमार्क म्हणतात. हे बड्या कंपन्यांचं काम आहे, असं आपल्याला वाटतं. इतिहास बघितला तर हा सगळा कायदा उभा राहिलाय तो पेठेतल्या साध्या गिऱ्हाइकासाठी.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड जहाजाने मुंबईत उतरायचं आणि तिथून गावोगावच्या पेठांत जायचं. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, इंग्रजी तर दूरच. म्हणून ताग्यावर रंगीत चित्राचं लेबल असायचं. देवदेवता, हत्ती, वाघ, राजेरजवाडे. कंपनीचं नाव कोण लक्षात ठेवणार? माल ओळखला जायचा तो चित्रावरून. आपण आजही 'अमुक छाप' म्हणतो, तो याच काळाचा वारसा.

चित्रावर माल खपतो म्हटल्यावर चित्राची चोरी आलीच. इंग्लंडने १८७५ साली कायदा केला. १ जानेवारी १८७६ ला नोंदवही उघडली आणि बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण तिथला पहिला नोंदलेला ट्रेडमार्क ठरला. हिंदुस्थानला मात्र तेव्हा अशी नोंदवही मिळाली नाही. इथे १८८९ साली मर्चंडाइज मार्क्स कायदा आला. खोटी छाप मारणाऱ्याला शिक्षा होती, कापडाच्या ताग्यावर यार्डात लांबी छापायची सक्तीही होती. पण 'ही छाप माझी' असं लिहून ठेवायला सरकारी वही नव्हती.

मग व्यापारी काय करायचे? निबंधकाकडे मालकीचं घोषणापत्र नोंदवायचे आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायचे, की आमच्या छापेची नक्कल करू नये. आमच्या छोट्या पेपरांत 'नकली मालापासून सावधान' अशी चौकट अजून येते, तिची वंशावळ एवढी जुनी आहे. पण वाद कोर्टात गेला की जुनी बिलं, जाहिराती, साक्षीदार सगळं गोळा करून 'लोक या छापेला माझी म्हणूनच ओळखतात' हे सिद्ध करावं लागायचं.

देशात नोंदणीची सोय झाली ती १९४० च्या कायद्याने. पुढे १९५८ चा कायदा आला. आत्ता लागू आहे तो १९९९ चा, त्याची अंमलबजावणी १५ सप्टेंबर २००३ पासून झाली.

या प्रवासातले दोन खटले प्रत्येक दुकानदाराला माहीत हवेत.

पहिला पार्लेचा. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या पुड्यावर शेतघराचं चित्र होतं. मधोमध मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीने आपल्या ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्यावर तसंच चित्र छापलं, फक्त मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा दिला. खालच्या कोर्टांनी फरक मोजले आणि पार्ले हरली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधत बसत नाही. आज एक बघितला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा दाखवला तर तो फसेल का, एवढाच प्रश्न.

दुसरा १९६२ चा, अमृतधारेचा. लाहोरला सुरू झालेलं, फाळणीनंतर डेहराडूनला आलेलं हे औषध. त्याच्यासमोर 'लक्ष्मणधारा' आली. बचाव असा, की अमृत वेगळं, लक्ष्मण वेगळा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, साधा माणूस शब्दाची फोड करून औषध घेत नाही, नावं फसवी वाटण्याइतकी जवळची आहेत. तरीही लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण ती १९२३ पासून विकली जात होती आणि अमृतधारावाले माहीत असून गप्प बसले होते. हक्क होता, पण गप्प राहिल्यामुळे एक अख्खं राज्य सोडावं लागलं.

आपल्याकडे नेमकं हेच होतं. मसाला, लोणचं, पापड, चिवडा. बाईंनी घरात सुरू केलेलं नाव पंचक्रोशीत गाजतं. मग दुसरं कुणी तेच नाव आधी नोंदवून मोकळं होतं आणि उलट मूळ माणसालाच नोटीस येते. कायदा अशा वेळी आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण देतो हे खरं. पण आधीपासून वापरत होतो याचा पुरावा कुठाय? तारखेची बिलं, लेबलं, छपाईची पावती, जाहिरातीचं कात्रण जपलेलं नसेल तर आपण पुन्हा १८८९ मध्येच उभे आहोत.

म्हणून थोडक्यात. नाव ठरवायच्या आधी आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर शोध घ्या, फुकट आहे. नुसतं स्पेलिंग बघू नका, उच्चारानेही शोधा. माल कुठल्या वर्गात बसतो ते बघा. एकूण ४५ वर्ग आहेत. लोणचं २९ मध्ये, मसाला ३० मध्ये, खानावळ ४३ मध्ये. एका माणसाच्या किंवा छोट्या उद्योगाच्या ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला ४,५०० रुपये आहे. 'शुद्ध', 'उत्तम' अशी नुसती वर्णनाची नावं सहसा मिळत नाहीत. अर्ज जर्नलमध्ये छापला की चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. सलग पाच वर्षं वापरलंच नाही, तर ती रद्द करायची मागणी होऊ शकते. आणि नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लावा, गोलातला 'आर' नको, त्याला कायद्यात मनाई आहे.

अजून एक. भाऊ-भाऊ वेगळे होताना दुकान, गोदाम, गाडी सगळं कागदावर वाटलं जातं. नाव कुणाकडे राहणार, हे लिहायचं तेवढं राहून जातं. तेही लिहा. वडिलांनी चाळीस वर्षं कमावलेली सगळ्यात मोठी मिळकत बऱ्याचदा तीच असते.

घरगुती धंदा करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.